काढून टाकलेले दोन सेकंद

"ढगे सर, वाचत काय बसलात? शेवटच्या पानावर फक्त सही करायचीय," विभागप्रमुख रणजित म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपणसुद्धा स्वतःच काढून दिलं.

उत्तरेश्वर ढगे चौकशीचा अहवाल पहिल्या पानापासून वाचत राहिले. पंचावन्न वर्षांचा हा माणूस वीजबिलसुद्धा वाचल्याशिवाय भरत नसे. खराडीतल्या त्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, रक्तपेढ्यांना संगणक पुरवणाऱ्या या कंपनीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. माउस काय म्हणतो आहे ते संगणकाला समजावून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो त्यांनी लिहिलेला होता. रोज धायरीहून दीड तास स्कूटर हाकत यायचं, ड्रायव्हर सांभाळायचा, पुन्हा दीड तास स्कूटर हाकायची. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या फोटोत ते दरवर्षी मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआड अर्धेच दिसत, आणि त्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

शेवटच्या पानावर मात्र त्यांचं बोट थांबलं. इंग्रजी मजकूर गुळगुळीत होता, अर्थ सरळ होता. यंत्रणेत दोष नाही, चूक वापरणाऱ्या बाईंची आहे.

"या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेटर आहे सर तिथली. कौशल्या मेश्राम की काहीतरी. कॉन्ट्रॅक्टवर आहे."

हे शेवटचं वाक्य रणजितने असं काही टाकलं की जणू त्यातच सगळा निकाल आला.

प्रकरण तीन आठवड्यांपूर्वीचं. शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाची रक्तपेढी. तपासणीत दोष निघालेली रक्ताची पिशवी पडद्यावरच्या 'बाद' या बटणाने बाद करायची असते. ती 'योग्य'मध्ये गेली. 'नक्की ना?' अशी विचारणा आली, तिलाही त्याच क्षणी 'होय' गेलं. लेबल छापून बाहेर आलं तेव्हा कौशल्याबाईंनीच ते पाहिलं, धावत जाऊन पिशवी अडवली आणि वरिष्ठांना स्वतःहून सांगितलं. त्या रक्ताचा एक थेंबही कुणाला चढला नाही. या सगळ्याचं बक्षीस म्हणून रुग्णालयाने त्यांना घरी बसवलं.

"लॉग पाहिलात?" ढग्यांनी विचारलं. यंत्र आपल्याशीच जी रोजनिशी लिहीत असतं, ती.

"लॉगमध्ये काय बघायचंय? आम्ही इथे तीन दिवस माउस फिरवला सर. एकदापण झालं नाही."

"तुम्ही नवा कोरा माउस फिरवलात. तिथला सतरा वर्षांचा आहे, गोल पिनेचा. मंजुरी मिळालेलं यंत्र म्हणून तो बदलता येत नाही, आणि त्याची वायर दिवसातून दहा वेळा ड्रॉवरमध्ये चेपते."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी जाऊन बघितलंय. तुमच्या प्रमोशनची पार्टी होती त्या दिवशी, म्हणून तुम्हाला यायला जमलं नव्हतं."

रणजितने टोपण पुन्हा पेनाला लावलं.

ढगे आपल्या टेबलाशी आले आणि त्यांनी रक्तपेढीतून आलेला लॉग उघडला. त्या दिवसाचं पान शोधायला पाच मिनिटं लागली. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, सात सेकंद. 'माउसशी ताळमेळ सुटला. एक तुकडा टाकून दिला. पुढे चालू.' आणि त्याच सातव्या सेकंदाला पुढच्या दोन ओळी. डावं बटण दाबलं. डावं बटण दाबलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'पुढे चालू' हे शब्द त्यांचे स्वतःचे होते.

हा माउस आपलं म्हणणं तीन तुकड्यांत सांगतो. पहिल्या तुकड्यात बटणं, दुसऱ्यात डावं-उजवं, तिसऱ्यात वर-खाली. मग पुन्हा पहिला. चेपलेल्या वायरीमुळे एखादा तुकडा वाटेत गळाला की मोजणी चुकते आणि ड्रायव्हर दुसऱ्यालाच पहिला समजून बसतो. माणसाने हात नुसता बाजूला सरकवलेला असतो, यंत्राला वाटतं बटण दाबलं. पहिल्या तुकड्यावर ओळखीची एक खूण असते खरी, पण तशीच खूण दुसऱ्यावरही योगायोगाने पडू शकते. म्हणून ढग्यांनी सतरा वर्षांपूर्वी हा ड्रायव्हर लिहिला तेव्हा अगदी साधा नियम घातला होता. मोजणी चुकल्याची शंका आली की थांबायचं. माउसचं काही म्हणजे काही ऐकायचं नाही. त्याला पुन्हा सुरू करायचं, 'तयार आहे' असं उत्तर त्याच्याकडून घ्यायचं आणि मगच एकपासून मोजायला लागायचं. या सगळ्याला दोन सेकंद लागत. तेवढा वेळ पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळून राही.

तीन वर्षांपूर्वी रणजितने ते दोन सेकंद काढायला लावले. "कस्टमर म्हणतात माउस हँग होतो. स्मूद पाहिजे सर. एक तुकडा टाका आणि पुढे जा ना, सिंपल आहे." ढगे म्हणाले होते की हे बरोबर नाही. दोनदा म्हणाले होते. तिसऱ्यांदा भर बैठकीत रणजित हसून म्हणाला, "ढगे सरांचा ड्रायव्हर पण सरांसारखाच आहे, सिग्नल हिरवा झाला तरी थांबणार," आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्याच दुपारी ढग्यांनी आपल्या हाताने ते दोन सेकंद काढून टाकले.

आता ते आठवून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रणजितचा राग आलाच. पण त्याहून जास्त राग त्या दुपारच्या स्वतःचा आला. चारचौघं हसली म्हणून या माणसाने गप्प बसावं? ज्या यंत्रावर रक्ताच्या पिशव्यांची निवड होते, तिथे?

लॉगचा कागद घेऊन ते रणजितच्या काचेच्या खोलीत गेले. रणजितने कागद वाचला. वाचता येत नाही असा तो नव्हता, हुशार होता.

"ओके," तो म्हणाला. "मान्य. झालं असेल असं. मग आता काय करायचं म्हणता?"

"खरं लिहायचं."

"खरं लिहिलं तर पहिलं नाव कुणाचं येईल? ड्रायव्हरच्या फाइलवर सगळ्यात वर तुमचंच नाव आहे. मी फक्त कस्टमरचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचवलं होतं."

"पोचवलं नाही, करायला लावलंत."

"मेल आहे?"

मेल नव्हता. तोंडी हुकमांचा लॉग कुठे असतो?

"हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतोय," रणजितने आवाज खाली आणला. "रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत तुमची. आणि त्या बाईचं कॉन्ट्रॅक्ट तसंही संपतच आलं होतं. तिने लिहूनपण दिलंय की चूक तिची आहे. जिची चूक तिला मान्य, हॉस्पिटलला मान्य. तुम्हालाच काय प्रॉब्लेम आहे?"

"तिनं लिहून दिलं?"

"दिलंय ना. सोमवारी सही करा. वीकेंडला शांतपणे विचार करा सर."

शांतपणे विचार करण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. जी चूक त्या बाईंनी केलीच नाही ती त्यांनी कबूल का केली असेल, एवढी एकच गोष्ट ढग्यांच्या डोक्यात बसली. रक्तपेढीतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून त्यांनी पत्ता मिळवला आणि शनिवारी सकाळी विश्रांतवाडीला गेले.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. दार कौशल्याबाईंनीच उघडलं. सेहेचाळीस-सत्तेचाळिसच्या, ठेंगण्या, केसांना घट्ट चाप लावलेला. मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बाईंची पुण्यात पंचवीस वर्षं झालेली. यंत्राच्या कंपनीतून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"आता काहून आले सर? मी सही केली ना सगळीकडे."

"सही घ्यायला नाही आलो. आत येऊ का?"

त्यांनी पाणी आणलं. पेला दोन्ही हातांनी धरून, पायांकडे बघत, जपून आणला. ढग्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि बाईंच्याही लक्षात आलं.

"उजव्या हाताचा भरवसा नाही राहिला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जाऊन आले. नसांची तपासणी झाली. काहीच नाही म्हणतात. पण काहीच नाही तर माझ्या हातून असं झालं कसं?"

"पण हात थरथरला असं तुम्हाला त्या दिवशी वाटलं होतं का?"

"नाही ना! तेच तर. चौकशीत विचारलं, हात थरथरतो का? मी म्हटलं, नाही. तर म्हणे, कधीच नाही? आता कधीच नाही असं कोण सांगेल सर? मी म्हटलं, थकल्यावर थरथरत असेल एखाद वेळी. तेवढंच लिहून घेतलं. मग मलाही वाटायला लागलं, असेल. एकवीस वर्षं त्या टेबलावर काढली, एक पिशवी इकडची तिकडे झाली नाही. मशीन थोडंच खोटं बोलणार? म्हणून मी लिहून दिलं."

ढग्यांनी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. तीन तुकडे, गळालेला एक, चुकलेली मोजणी. बाई ऐकत होत्या, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, "असं बघा. पंगतीत तीन वाढपी एकामागून एक येतात. आधी मीठ, मग भाजी, मग भात. तुम्ही मान खाली घालून नुसती पावलं मोजताय. मिठाचा वाढपी मधेच दुसरीकडे गेला. तुम्ही भाजीलाच मीठ समजलात. तसं त्या दिवशी मशीनचं झालं. तुम्ही माउस फक्त सरकवला होता, बाण 'योग्य'वरून 'बाद'कडे चालला होता. त्यानं ते बटण दाबल्यासारखं धरलं. तुमच्या हातानं काहीही केलेलं नाही."

कौशल्याबाईंनी उजवा हात हवेतच माउस सरकवल्यासारखा फिरवून पाहिला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पण आधी तर तो बसायचा."

"कोण?"

"बाण. मधूनच बसायचा. आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, बसला गं. बसला की हात उचलायचा आणि तेवढ्यात पिशवीवरचा नंबर पुन्हा एकदा वाचून घ्यायचा. नव्या पोरींना मी हेच शिकवायची. वाचून होईपर्यंत तो उठायचा. मग तीन वर्षांमागे त्याचं बसणं बंदच झालं. सांगितलं, सुधारणा आलीय नवीन."

 ढग्यांनी नाइलाज म्हणून ठेवलेल्या दोन सेकंदांत या बायका पिशवीचा नंबर दुसऱ्यांदा वाचत होत्या! हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नव्हतं.

"तो बसतो म्हणून तक्रार तुम्ही केली नव्हती?"

"आम्ही? आम्हाला कोण विचारतं सर?"

खरंच, कोण विचारतं? तक्रार केली असेल ती प्रात्यक्षिकाच्या वेळी खुर्चीत रेलून बसलेल्या कुणा साहेबाने, ज्याने आयुष्यात एक पिशवी हाताळली नव्हती.

"ते बसणं मी बंद केलं," ढगे म्हणाले. "तो ड्रायव्हर माझा आहे. बंद करायला नको होतं, ते मला तेव्हाही कळत होतं."

बाई उठून उभ्या राहिल्या. आत्तापर्यंतचा दबलेला आवाज कुठल्या कुठे गेला.

"कळत होतं? तुम्हाला कळत होतं, आणि मी तीन आठवडे पोळ्या लाटताना माझ्या हाताकडे बघत बसलेय? पुतणीला मुलगी झाली सर. बारा दिवसांची. माझ्या मांडीवर द्यायला आली तर मी घेतली नाही. म्हटलं, हातातून पडली तर? सगळे बघत राहिले माझ्याकडे. दोन सेकंद! कोणाला जड झाले होते हो ते?"

 जड झाले होते ते ढग्यांनाच, भर बैठकीत, पण हे त्या घरात बोलायची त्यांना लाज वाटली.

"मला दुसरीकडेही कुणी घेत नाही," बाई खाली बसत म्हणाल्या. "ज्या रक्तपेढीत जाते तिथून आमच्या रुग्णालयात फोन जातो. ते फाइल उघडतात, माझा कागद वाचून दाखवतात. तो मागायला गेले होते. म्हणाले, लागलेला कागद परत मिळत नाही."

"मी लिहून देतो."

"इंग्रजीत नको. इंग्रजी कागद तिथे कुणी वाचत नाही, नुसती सही बघतात. मराठीत द्या. मला वाचता आला पाहिजे."

रविवारी ढगे जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. मराठीत अर्ज लिहून त्यांना तीस वर्षं झाली असतील. चार कागद चुरगळले. त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, पाचवा वाचून पाहिला.

"'सदर प्रणालीतील त्रुटी निदर्शनास आली असता'? अहो, हे कुणाला कळायचंय? चूक कुणाची ते लिहा."

"माझी."

"मग तसंच लिहा की. आणि नोकरीचं काय होईल ते मला विचारू नका, ते मला दिसतंय." एवढं बोलून त्या कुकर लावायला गेल्या.

सोमवारी ढगे नेहमीपेक्षा तासभर आधी कचेरीत पोचले. दोन सेकंद पुन्हा घातलेला ड्रायव्हर त्यांनी चालू ड्रायव्हरच्या जागी ठेवला, तपासला, आणि तो प्रत्येक रक्तपेढीला पाठवावाच लागेल असं लिहून पत्राची एक प्रत रणजितच्या टेबलावर ठेवली. रणजितने ते उभ्याउभ्याच वाचलं.

"सर, हे बाहेर गेलं तर तुम्हाला माहितीये ना काय होईल?"

"ते जाणारच आहे. मीच घेऊन चाललोय."

"हिरो व्हायचंय का तुम्हाला?"

"हिरो कसला? चूक केली तेव्हा तोंड उघडलं नाही, तेवढं आता उघडतोय. कंपनीला फार महाग पडत असेल तर आणखी एका माणसावर खापर फोडा. तुम्हाला सवय आहे."

अकरा वाजता त्यांचा संगणक बंद झाला आणि साडेअकराला गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं गेलं. बावीस वर्षं आवरायला एक कापडी पिशवी पुरली. निरोपाला कुणी उठलं नाही. दोघं-तिघं पडद्याकडे जास्तच लक्ष देऊन बघत राहिले. ढग्यांना त्यांचा राग आला नाही, तीन वर्षांपूर्वी ते स्वतःही असेच बसले होते.

रुग्णालयाच्या दाराशी कौशल्याबाई वाट बघत उभ्या होत्या. दोघं प्रशासनाच्या मजल्यावर गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी पत्र वाचलं, लॉगचा कागद वाचला, पुन्हा पत्र वाचलं.

"आम्ही याची दखल घेऊ," त्या म्हणाल्या. "पण मेश्राम, तुमची जागा पंधरा दिवसांपूर्वीच भरली गेलीय."

"मी जागा मागायला नाही आले मॅडम," कौशल्याबाई म्हणाल्या. "हा कागद माझ्या फाइलला लावा."

फाइली शेजारच्या, माणसांनी भरलेल्या खोलीत होत्या. तिथल्या कारकुनाने, ज्ञानदेव नावाचा एक बारीक, निवृत्तीला टेकलेला माणूस होता तो, कपाटातून त्यांच्या चौकशीची फाइल काढली, पत्राला दोन भोकं पाडली आणि टॅग सोडून ते सगळ्यात शेवटी लावायला घेतलं.

"खाली नको, वर लावा," कौशल्याबाई म्हणाल्या.

"ताई, तारखेप्रमाणे लागतं. नवा कागद शेवटी. नियम आहे."

"नियमाप्रमाणेच मला घरी बसवलंय. फोन आला की तुम्ही पहिला कागद वाचता. शेवटपर्यंत कोण जातं? वर लावा."

ज्ञानदेवांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कापडी पिशवी सावरत दाराशी उभ्या असलेल्या ढग्यांकडे पाहिलं.

"हे कोण?"

"ज्यांची सही आहे ते," कौशल्याबाई म्हणाल्या.

ज्ञानदेवांनी सगळे कागद टॅगमधून मोकळे केले. बाईंचा कबुलीचा कागद खाली गेला, त्यावर ढग्यांचं पत्र आलं. गाठ मारून ते फाइल मिटायला लागले तेवढ्यात कौशल्याबाईंनी ती आपल्याकडे ओढली. उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि त्या भरल्या खोलीत, कुणाचीही पर्वा न करता, मोठ्याने वाचायला लागल्या. "दिनांक बारा रोजी रक्तपेढीत झालेली चूक श्रीमती कौशल्या मेश्राम यांची नाही. ती माझी आहे." पुढची दीड पानंही त्यांनी वाचली, खालच्या सहीसकट. तोवर ज्ञानदेव फाइलची मोकळी नाडी हातात धरून थांबले होते आणि ढगे दाराशी उभेच होते.